ऑस्ट्रेलिया: ४९१ व्हिसावर जायचं की थेट पीआरसाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) थांबायचं?

शिरोलीकर: मंडळी, मी मेकॅनिकल बीई, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत ७ वर्षं झाली, वय ३२. ऑस्ट्रेलियाचं बघतोय, एजंट म्हणतोय ४९१ घेतला की पीआर झालाच समजा, फी मात्र आधीच मागतोय. खरंच असं असतंय का?

ॲडलेडचा पाव्हणा: झालाच बिलाच काय नाही भावा. ४९१ पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा. तीन वर्षं रीजनलमध्ये राहून काम करायचं, तीन वर्षांच्या टॅक्स आकारणीच्या नोटिसा दाखवायच्या, मग १९१ व्हिसावर पीआरचा अर्ज. ४९१ ला राज्याच्या नॉमिनेशनचे (राज्यानं नाव सुचवल्याचे) निवडीसाठी १५ पॉइंट मिळतात, १९० व्हिसाला ५च, पण १९० म्हणजे पहिल्या दिवसापासून पीआर. रीजनल म्हटल्यावर खेडं समजू नकोस, सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी सगळं त्यात येतं, ॲडलेड पर्थ पण. इथं फक्त तांबडा पांढरा मिळत नाही, त्याचं लई वाईट वाटतंय.

राजारामपुरीची ताई: वयाचं बघ आधी! ३३ पूर्ण झाली की वयाचे ३० चे २५ पॉइंट होतात, आणि व्हिसाच्या अर्जाचं इन्व्हिटेशन येईल त्या दिवशीचं वय धरतात, अर्ज टाकला त्या दिवशीचं नाही. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेचं असेसमेंट (शिक्षण-कामाची तपासणी) लगेच सुरू कर, कंपनीकडनं कामाचं सविस्तर पत्र घे, माझ्या नवऱ्याचं त्यातच चार महिने गेले, एचआरवाला रोज उद्या उद्या. बायको इंग्लिशच्या परीक्षेत पास झाली तर ५ पॉइंट जास्त.

शिरोलीकर: ताई, वाढदिवस जानेवारीत आहे ओ 😅 आजच एचआरला गाठतो. एजंटला थांब म्हणलंय.