घरी चार्जिंगसाठी भिंतीवरची पेटी हवीच का?

रोजचे_साठ

पुढच्या महिन्यात पहिली इलेक्ट्रिक गाडी घरी येते आहे. जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर, आठवड्यातले पाच दिवस. रात्री गाडी घराला लागूनच उभी राहील. पॉवर सॉकेटला लावायची पोर्टेबल केबल गाडीसोबत मिळणार आहे. तरीही ज्याला विचारावं तो म्हणतो, आधी ७.४ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे चार्जिंगची भिंतीवरची पेटी, बसवून घे. मी हिशेब मांडला आणि माझं मत नेमकं उलट झालं. इथे मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट घेईल असं धरलं, तर ६० किलोमीटरला ९ युनिट. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज मिळवून साडेदहा धरू. पोर्टेबल केबल १० अँपिअरवर ठेवली तर २३० व्होल्टला २.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे साडेचार-पाच तासांत काम झालं. गाडी संध्याकाळी सातला येणार, सकाळी आठला निघणार. तेरा तास ती उभीच आहे. वॉलबॉक्स हेच काम दीड तासात करेल, पण वाचलेल्या वेळाचा मला काहीच उपयोग नाही, कारण त्या वेळात मी झोपलेला असतो.

शिवाय लोक वॉलबॉक्सला सर्रास 'चार्जर' म्हणतात, त्यातून गैरसमज होतो. एसी विजेचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीतच बसवलेला असतो. भिंतीवरची पेटी वीज सुरक्षितपणे जोडते-तोडते आणि जास्तीत जास्त किती अँपिअर ओढायचे ते गाडीला सांगते. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर २२ किलोवॅटची पेटी लावूनही गाडी ३.३च घेणार. पेटी निवडायच्या आधी गाडीच्या माहितीपत्रकात हा आकडा किती जण बघतात?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पैसे पेटीत घालण्यापेक्षा मीटरपासून गाडीपर्यंतच्या लाइनमध्ये घालावेत.

निशाचर

हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरी दिवसाचा. घरातली सोय सरासरी दिवसासाठी करून चालत नाही. रात्री अकराला गाडी जवळपास रिकामी करून घरी आलात आणि पहाटे पाचला दवाखान्यासाठी दुसऱ्या गावी निघायचं आहे. हातात सहा तास. २.३ किलोवॅटने जेमतेम ८० किलोमीटरची भर पडेल. ७.४ ने अडीचशेच्या वर. माझ्या घरी ही वेळ आलेली आहे, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो.

दुसरं, जिथे रात्रीच्या ठरावीक तासांत वीज स्वस्त असते तिथे सगळं चार्जिंग त्या चार-पाच तासांत बसवायचं असतं. रोजच्या ६० किलोमीटरला ते जमेल. पण सोमवारी लांब जाऊन आलात, मंगळवारी नेहमीचं, बुधवारी परत लांब, की तुमची केबल मागे पडत जाणार.

सावकाश

मी दोन वर्षं १० अँपिअरवर गाडी चालवतोय, रोज ५० ते ७० किलोमीटर. निशाचर म्हणतात तशी रात्र या दोन वर्षांत दोनदा आली. दोन्ही वेळा वाटेतल्या फास्ट चार्जरवर अर्धा तास थांबलो. दोन रात्रींसाठी घराची लाइन बदलायची का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घरात आजारी माणूस असेल तर मीही वेगळा विचार करेन, ते मान्य.

नव्या लोकांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. पेट्रोलची सवय असल्याने ते 'टाकी रिकामी झाली की भरायची' याच पद्धतीने विचार करतात. इथे रोज रात्री प्लग लावायचा. एखाद्या दिवशी ३० किलोमीटरची तूट राहिली तर शनिवार-रविवारी भरून निघते.

माझ्याच बाजूच्या काही मंडळींचं एक म्हणणं मात्र मला मान्य नाही: हळू चार्ज केलं की बॅटरी जास्त टिकते, म्हणून ७.४ नको. ६० युनिटच्या बॅटरीला ७.४ किलोवॅट म्हणजे भरायला आठ तासांहून जास्त. बॅटरीच्या दृष्टीने हा वेग सौम्यच आहे. तिला जाणवतो तो डीसी फास्ट चार्जिंगचा ५०, १०० किलोवॅटचा मारा.

तारजोड

तुम्ही सगळे वेगावर बोलताय. मी वायरिंगची कामं करतो, आणि मला काळजी आहे ती सॉकेटची.

घरातला पंधरा अँपिअरचा सॉकेट इस्त्रीला चालतो, गिझरला चालतो, कारण ती उपकरणं थोड्या वेळाने बंद होतात. गाडी पाच-सहा तास सलग ओढते, आणि तेही रोज. सॉकेटच्या आतली पाती ढिली झाली किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला की त्या सांध्याचा रोध वाढतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सांध्याचा रोध ०.१ ओहम धरा. १० अँपिअरला तिथे १० वॅट उष्णता, १५ अँपिअरला साडेबावीस. करंट दीडपट, उष्णता सव्वादोन पट. भिंतीतल्या बंद डबीत, प्लास्टिकला चिकटून, पाच तास. रोज तापून निवल्याने स्क्रू आणखी ढिला होतो आणि रोध आणखी वाढतो. प्लगच्या पिना काळ्या पडलेल्या, सॉकेटचं तोंड वितळलेलं, असं मी किती तरी घरांत पाहिलंय. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा बोर्डातला स्विच, यात पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. घरच्यांना कळतं ते वास आल्यावर.

म्हणून मी वॉलबॉक्सच्या बाजूचा आहे, पण ७.४ किलोवॅटसाठी नाही. त्यात वायर थेट टर्मिनलला आवळलेली असते, मधे ढिला पडणारा घरगुती प्लग नसतो. गाडीच्या बाजूचं कनेक्टर जोडून गाडीने होकार देईपर्यंत त्यात वीजच येत नाही. तो १० अँपिअरवर ठेवून वापरा, माझी काही हरकत नाही.

रोजचे_साठ

तारजोड, हे वाचून थोडा हललो. पण मग मधला मार्ग नाही का? तो निळा, गोल, जाड पिनांचा इंडस्ट्रियल सॉकेट तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठीच बनवलेला असतो ना? पोर्टेबल केबल त्याला लावता येईल अशी घेतली तर?

तारजोड

चालेल, आणि घरगुती सॉकेटपेक्षा कितीतरी बरं. मात्र तसा प्लग मुळातच असलेली केबल घ्या. तिच्या पुढे घरगुती प्लगचं अडॅप्टर जोडलंत तर कमकुवत सांधा परत आलाच. आणि एक्स्टेंशन बोर्ड तर कधीच नाही, गुंडाळीवरची वायर तर त्याहून नाही. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

लाइन कुठलीही करा, गाडीसाठी ती थेट मुख्य बोर्डापासून स्वतंत्र आणा. तिच्यावर दुसरं काही नको. वायर तांब्याची, सहा स्क्वेअर एमएमची टाका, म्हणजे पुढे ३२ अँपिअर हवे झाले तर भिंत परत फोडायला नको. अंतर फार लांब असेल तर जाडी त्याप्रमाणे वाढवावी लागेल. एमसीबी मात्र सॉकेटप्रमाणे लावा. सॉकेट १६ चा असेल तर एमसीबी १६ चाच, वायर कितीही जाड असली तरी. 'वायर जाड आहे ना, मग ३२ चा लावू' म्हणणारे वायरमन भेटतात. त्यांना नाही म्हणा.

आता आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरचा हवा हे बहुतेकांना माहीत असतं, पण प्रकार कुणी बघत नाही. गाडीतल्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर डीसी करंटही गळू शकतो. जुन्या घरांत सहसा असतो तो 'एसी' प्रकारचा आरसीसीबी अशा गळतीत आंधळा होतो, म्हणजे नंतर खरोखर माणसाला झटका बसला तरी पडेलच याची खात्री नाही. 'ए' प्रकार ६ मिलिअँपिअर डीसीपर्यंत नीट काम करतो. त्यापुढची गळती ओळखून वीज तोडणारी सोय पेटीतच असेल तर बाहेर 'ए' पुरतो. नसेल तर महागडा 'बी' प्रकार लागतो. वॉलबॉक्स घेताना ॲप आणि रंग बघण्याआधी ही एक ओळ शोधा.

दूरदेशी

इथे सगळे २३० व्होल्ट गृहीत धरताय. आमच्याकडे साध्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि सलग वापराला १२ अँपिअर, म्हणजे १.४४ किलोवॅट. धागाकर्त्यांचे साडेदहा युनिट भरायला सात तासांहून जास्त. थंडीत गाडी जास्त खाते तेव्हा रात्रही पुरत नाही. मी वर्षभर रेटलं आणि शेवटी २४० व्होल्टची लाइन घेतली.

नुकसानीचा हिशेबही एकदा बघा. चार्जिंग चालू असताना गाडीतले संगणक, पंप वगैरे जागे असतात. त्यांना ३०० वॅट लागतात असं धरलं तर १.४४ किलोवॅटमधले पाचवा हिस्सा तिकडेच गेले. २.३ मधले १३ टक्के. ७.४ मधले ४ टक्के. चार्जिंग जितकं हळू, तितके तास हा खर्च चालू. तुम्ही दोन्हीकडे नुकसान सारखंच धरलंय, ते तसं नसतं.

सावकाश

हे बरोबर आहे, आणि मी इतके दिवस याकडे दुर्लक्ष केलं. साडेदहा युनिटवर बघितलं तर फरक रोजचा साधारण एक युनिट पडतो. उलट बाजूला वॉलबॉक्स दिवसभर चालू राहून स्वतः थोडी वीज घेतो. ५ वॅट धरले तर दिवसाला ०.१२ युनिट. तरी वाचतंच. पण वर्षभरात वाचलेल्या या युनिटांना आपापल्या दराने गुणा आणि पेटीच्या किमतीशी ताडून बघा. फक्त या बचतीवर पेटीची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षं जातील. सुरक्षिततेसाठी घ्या, हे मला पटतं. वीज वाचेल म्हणून घ्या, हे नाही.

निशाचर

आणि वेळेसाठी घ्या, हे मी अजूनही म्हणतोय. शिवाय पुढच्या गाडीची बॅटरी मोठी असेल, घरात दुसरी गाडीही येईल. पेटी दहा वर्षं भिंतीवर राहणार, ती आजच्या साठ किलोमीटरवर मोजू नका.

घराचा मंजूर लोड कमी असेल तर ज्या वॉलबॉक्ससोबत मुख्य वायरीवर लावायचा सेन्सर येतो तो बघा. स्वयंपाकघरात आणि गिझरवर लोड वाढला की तो गाडीचे अँपिअर आपोआप उतरवतो आणि लोड कमी झाला की चढवतो. साध्या केबलला हे येत नाही. माझ्या दृष्टीने पेटीचा खरा 'स्मार्ट'पणा तेवढाच. वेळ लावायची सोय तर बहुतेक गाड्यांत असतेच.

रोजचे_साठ

ॲपबद्दल माझं मत पक्कं आहे. इंटरनेट नसताना, खातं न उघडता, नुसतं जोडल्यावर चार्ज होणार नसेल तर ती पेटी मी घेणार नाही. बनवणारी कंपनी उद्या सर्व्हर बंद करून बसली तर मी कामाला जायचं कसं?

नवी_गाडी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या पोर्टेबल केबलवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. अर्थिंगचा दोष आहे असं पुस्तिकेत लिहिलंय. एका ओळखीच्यांनी छोटं अडॅप्टर आणून दिलंय, ते मधे लावलं की दिवा हिरवा होतो. वापरू ना?

तारजोड

ताई, ते अडॅप्टर आत्ता काढा. वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

त्याच्या आत न्यूट्रल आणि अर्थची पिन एकमेकांना जोडलेली असते, थेट किंवा रेझिस्टरमधून. अर्थिंग आहे असा केबलचा समज करून द्यायचा, एवढंच ते करतं. घरात अर्थिंग मात्र आलेलं नसतं. थेट जोड असेल आणि कधी न्यूट्रल तुटला किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर वीज येऊ शकते. रबरी टायरवर उभी गाडी आणि ओल्या जमिनीवर उभं राहून दार उघडणारं माणूस. केबल तुम्हाला वाचवण्यासाठी नाही म्हणतेय, तिचं ऐका. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थचा खड्डा तपासून घ्या, रोध मोजायला सांगा. अनेकदा खड्डा ठीक असतो आणि बोर्डापासून सॉकेटपर्यंतची अर्थची वायरच कुणी जोडलेली नसते. मग काम तासाभराचं.

नवी_गाडी

काढलं. उद्या माणूस बोलावते. धन्यवाद.

रोजचे_साठ

माझा निर्णय सांगतो. स्वतंत्र लाइन सहा स्क्वेअर एमएमची, 'ए' प्रकारचा आरसीसीबी, अर्थिंग मोजून घेणार. शेवटाला आत्ता निळा १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याच प्लगची केबल, डीसी गळती तोडणारी सोय आत असलेली. पेटी आज नाही, पण तिच्यासाठी जागा आणि पाइप सोडून ठेवतो. निशाचर, तुमची पहाटे पाचची गोष्ट मी विसरलेलो नाही. तशी वेळ आली की पेटी त्याच लाइनवर चढेल.

निशाचर

तशी वेळ येईल तेव्हा पेटी चढवायला वेळ नसेल, हेच तर मी सांगतोय. असो, लाइन चांगली घेताय याचा आनंद आहे. सॉकेट कुठे बसवायचा ते मात्र गाडी आल्यावर, तिचं चार्जिंगचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बघून ठरवा. काहींचं पुढे असतं, काहींचं मागच्या चाकावर. केबल ताणून किंवा बॉनेटवरून ओढून लावायची वेळ येऊ नये.

तारजोड

आणि पहिल्या रात्री तासाभराने जाऊन प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर गाडीतूनच चार्जिंग थांबवा, मग मेन बंद करा, आणि मला इथे लिहा.