मदत हवी आहे: मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवासाचे प्रत्यक्ष तास किती धरावेत?

नमस्कार. मी परभणीचा. माझी आई येत्या ऑक्टोबरात बहिणीकडे न्यू जर्सीला जाणार आहे आणि तिला दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घ्यावे लागते. आमच्या डॉक्टरांनी ‘घड्याळातल्या वेळा नकोत, विमानात प्रत्यक्ष किती तास जातात ते लिहून आणा’ असे सांगितले आणि तेथेच आमचे गणित अडले आहे.

तिकिटानुसार विमान २५ ऑक्टोबरला रात्री १:३० वाजता मुंबईहून निघते आणि त्याच दिवशी सकाळी ७:३० वाजता न्यूयॉर्कला उतरते. परतीचे विमान १४ डिसेंबरला सकाळी ११:३० वाजता निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० वाजता मुंबईला पोहोचते. बाबांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला : जाताना सहा तास, येताना पंचवीस. येताना विमान पॅसेंजर गाडीसारखे थांबत येते की काय, असे ते विचारत आहेत. मी दोन शहरांच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक धरला, तेव्हा जाण्याचे साडेसोळा आणि येण्याचे साडेचौदा तास निघाले; तिकीट काढून देणारे मात्र जाण्याचे साडेपंधराच सांगतात. हा एक तास कोठे गेला? आणि अंतर दोन्ही वेळा तेच, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, असताना येताना कमी वेळ का लागतो?

प्रतिसाद १
आपली रीत बरोबर आहे, फक्त ऑक्टोबरसाठी धरलेला फरक चुकला. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात. त्यामुळे २५ ऑक्टोबरला फरक साडेनऊ तासांचा आणि डिसेंबरात साडेदहाचा राहील. म्हणजे जाताना ६ अधिक ९:३०, एकूण १५:३०. येताना २५ उणे १०:३०, एकूण १४:३०.

उरलेल्या एका तासाचे मुख्य कारण वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. भारताकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, जाणाऱ्याला समोरून अडवतात. साडेबारा हजार हे गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिलात तर तो अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला चढून नॉर्वे आणि आईसलंडवरून जातो. प्रत्यक्ष मार्ग वारा आणि बंद असलेल्या हवाई हद्दी पाहून ठरतो, म्हणून तो याहून लांब असतो.

डॉक्टरांना हे दोन आकडे द्याच, पण विमानतळावरचे तासही वेगळे लिहून द्या. आईंच्या हातातले घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे. इन्सुलिन हाताशी असलेल्या पिशवीतच असू द्या, सामानात टाकू नका.

धागाकर्ता
मनःपूर्वक आभार. बाबांना पत्रिकेवरच नवा हिशेब मांडून दाखवला. एक शंका राहिली : २५ तारखेचे विमान म्हणून आम्ही २४ च्या संध्याकाळी देवगिरी एक्सप्रेसने निघणार होतो, ते जमेल ना?

प्रतिसाद २
मुळीच नाही. रात्रीचे १:३० म्हणजे २४ ची रात्र उलटून गेलेली वेळ. २४ ला रात्री दहाच्या सुमारास आपण विमानतळावर असायला हवे. देवगिरी दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोहोचते, तेव्हा आरक्षण २३ चे करा आणि २४ चा दिवस आईंना मुंबईत विश्रांती घेऊ द्या.