रोमा टोमॅटोची बुडं काळी पडतायत, आणि उरलेले सगळे एकदमच पिकणार असं दिसतंय

मृण्मयी_एडिसन
मंडळी, यंदा इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला परसात पहिल्यांदाच गराचे टोमॅटो लावलेत, कापून खायचे नाहीत. चार रोपं रोमाची, दोन सॅन मार्झानोची. मे महिन्यात थंडी संपल्यावर उंच वाफ्यात लावली. आता जुलैअखेर रोमा कमरेएवढा होऊन थांबलाय आणि हिरव्या फळांनी लगडलाय. सॅन मार्झानो मात्र पिंजऱ्याच्या वर जाऊन शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे निघालाय. पहिल्या घोसातल्या बऱ्याच फळांचं बूड काळं आणि चामड्यासारखं झालंय. सासूबाई सांगलीहून आल्यात, त्या म्हणतात चुन्याची निवळी घाल. इंटरनेटवर कोणी दूध घालायला सांगतं, कोणी अंड्याची टरफलं. नक्की काय करू? शिवाय पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणाऱ्या बगलफुटी काढायच्या का? आणि फळं वेलावरच लाल होऊ द्यायची की आधी तोडायची? खारी एकेक चावा घेऊन टाकून देतायत. वर्षभराच्या सारासाठी गर साठवायचा बेत आहे. डब्यातल्या टोमॅटोला सासूबाई हात लावत नाहीत.

बागुलबुवा
मृण्मयी, आधी काळ्या बुडाचं. हा रोग नाही, त्यामुळे फवारणीच्या बाटल्या आणू नकोस. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं, आणि दहातल्या नऊ बागांत मातीत कॅल्शियम असतंच. ते झाड पाण्यावाटे ओढतं. चार दिवस कोरडं, मग एकदम वाफा भरून पाणी, असं झालं की पुरवठा तुटतो. लांबट, गराच्या जातींना हा त्रास जास्त, त्यातही पहिल्या घोसाला. काळी फळं तोडून टाक, पुढचे घोस बहुधा चांगले येतील.

आठवड्याला पावसासकट इंच-दीड इंच पाणी हवं, दोन-तीन वेळांत विभागून, बुंध्याशी. उंच वाफा लवकर सुकतो, म्हणून बोट घालून बघत जा. वर तीन इंच पेंढ्याचं आच्छादन घाल. लॉनचं कापलेलं गवतही चालतं, पण त्यावर तणनाशक मारलेलं असेल तर अजिबात नको, टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळवटतात. आणि लॉनचं खत या वाफ्याच्या आसपासही नको. नत्र जास्त झालं की पानंच माजतात, बुडं आणखी काळी पडतात.

सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नकोस, चुन्यात कॅल्शियम असतंच. पण उभ्या पिकाला पानाचा चुना नको, तो फार तीव्र. आपल्याकडची माती बऱ्याच ठिकाणी आंबट असते, तेव्हा शरद ऋतूत मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या न्यू ब्रन्सविकच्या प्रयोगशाळेत दे, तुझ्यापासून जवळच आहे. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, 6.2 ते 6.8 हवा; त्याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट, निघाला तर ते सांगतील तेवढी बागेची चुनखडी टाक. टरफलं कुजायला इतका काळ लागतो की त्यांचा यंदाच्या पिकाला उपयोग नाही. दूध सासूबाईंच्या चहाला ठेव.

आता बगलफुटी. रोमाला हात लावू नकोस. ती ठरावीक उंचीवर थांबणारी जात, फूट काढलीस तर फळंच काढल्यासारखं. रोमा अमेरिकेच्या कृषी खात्याने 1950च्या दशकात मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला तयार केली, तिच्या रक्तात सॅन मार्झानो आहे, पण वाढ तिच्यासारखी नाही. सॅन मार्झानो, नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियसच्या पायथ्याची, थंडी पडेपर्यंत वाढतच राहते. तिच्या एक-दोन मुख्य फांद्या ठेवून बाकी बगलफुटी बोटांनी खुडून टाक, आणि जमिनीला टेकणारी खालची पानं काढ. करपा तिथूनच चढतो.

तोडणीबद्दल माझं ठाम मत: फळावर गुलाबी छटा दिसली की तोड. त्यापुढे झाडावर ठेवल्याने चवीत फारसा फरक पडत नाही, मात्र खारींची सोय होते. घरात 20 ते 25 अंशांत, उन्हापासून दूर, एकावर एक न रचता ठेव. चार-सहा दिवसांत पिकतात. उन्हाळ्यात पारा तिशीपलीकडे राहिला तर झाडावर लाली नीट चढतच नाही, फळ पिवळट-केशरी राहतं, तेव्हाही घरातच बरं. फ्रिज मात्र नको, पिकायच्या आधी तर नाहीच.

निफाडकर
इकडे पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल किती लांब जाणार त्यावरून रंग ठरतो. दिल्लीकडचा असेल तर जेमतेम रंग धरलेला तोडतात आणि वीस किलोच्या कॅरेटात भरतात. पिकलेला माल पाठवला तर वाटेतच रस होईल. काका बरोबर सांगतायत. काका, एक विचारतो, एप्सम सॉल्ट घालायला सांगतात ते?

बागुलबुवा
ते मॅग्नेशियम. पानात कमतरता दिसली तर घालायचं, काळ्या बुडाला नाही. उलट मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत आडवं येतं.

मृण्मयी_एडिसन
काका, खूप आभार. सासूबाई चुन्याचं वाचून खूश आहेत, चहाचंही वाचलं त्यांनी. आता गर साठवायचा कसा? बरण्या उकळून भरायच्या म्हणते. त्यात कांदा-लसूण परतून फोडणी घातलेलाच भरला तर डिसेंबरात काम सोपं.

बागुलबुवा
फोडणीचं आजिबात नको! टोमॅटोची आम्लता बोटुलिझमच्या, म्हणजे बंद बरणीतल्या जिवाणूंमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेच्या, सीमेवर असते, पीएच 4.6च्या आसपास. कांदा-लसूण-तेल पडलं की ती सीमा ओलांडली जाते आणि उकळत्या पाण्याची प्रक्रिया पुरत नाही. बरणीत फक्त टोमॅटो, आणि प्रत्येक क्वार्ट (साधारण एक लिटर) बरणीला दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस. ताज्या लिंबाचा नाही, त्याचा आंबटपणा बदलता असतो. पाइंटला (साधारण अर्धा लिटर) एक मोठा चमचा. किती वेळ उकळायचं त्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचं कोष्टक बघ, अंदाजाने करायची गोष्ट नाही.

प्रमाण लक्षात घे, घट्ट गराच्या सात क्वार्ट बरण्यांना सुमारे 46 पौंड टोमॅटो लागतात. सहा रोपांतून ते एकाच दिवशी निघणार नाहीत, रोमा एकदम पिकली तरी. म्हणून मी तुझ्या जागी फ्रीझर वापरला असता. पिकतील तसे धुऊन, देठाची जागा कापून, अख्खे पिशवीत टाकायचे. पुरेसे साठले की नळाखाली धर, सालं हातात सुटून येतात. मग जाड बुडाच्या पातेल्यात आटव. फोडणीचंही फ्रीझरमध्ये खुशाल ठेव.

मृण्मयी_एडिसन
फ्रीझरच करते. एक शेवटचं. आज सॅन मार्झानोवर बोटाएवढी हिरवी अळी दिसली, मागे शिंग, आणि पाठभर पांढरे तांदळासारखे दाणे. तोडून साबणाच्या पाण्यात टाकू?

बागुलबुवा
दाणे असलेली तशीच राहू दे. ते एका बारीक गांधीलमाशीचे कोष आहेत, अळी आतून खाल्ली गेलीय, आता फार काही खाणार नाही. माश्या बाहेर पडल्या की दुसऱ्या अळ्या शोधतील. दाणे नसलेल्या मात्र संध्याकाळी बॅटरी घेऊन शोध. पानं गायब आणि खाली काळ्या लेंड्या दिसल्या की त्याच फांदीवर वर बघ.