गाडी लावून पुढं गेलो की सायरन बोंबलते, काहून?

मिहानवाला:
भाऊलोक, सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली. आधीच्या मालकानं बाहेरून अलार्म बसवला आहे. एप्रिल लागल्यापासून नागपुरात बर्डीच्या बाजारात दुपारी गाडी लावली, रिमोटनं लॉक केली, चार दुकानं पुढं गेलो की मागून सायरन! लोक असे पाहतात जसा मीच चोर. रात्री घरी एकदम शांत. हिवाळ्यातही काही नव्हतं. टायरला लाथ मारून पाहिली, तर वाजत नाही. सेन्सर गेला का? आणि याच्यानं चोरी खरंच थांबते का?

संत्राबर्फी:
सायरनची वायर उपटून टाक. बर्डीच्या गर्दीत कोण ऐकून राहिलं?

वायरिंगवाला_सदर:
उपटू नको बे. लाथेनं वाजत नाही म्हणजे शॉक सेन्सरचा, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा, हात नाही. चालवून आल्यावर, उन्हातच वाजते, तिथं उत्तर आहे.

स्वस्त अलार्म युनिट बसवताना बरेच जण दाराच्या स्विचपर्यंत वायर नेतच नाहीत. युनिट नुसतं बॅटरीच्या व्होल्टेजवर नजर ठेवते. दार उघडलं, आतला दिवा लागला, व्होल्टेज जरासं खाली आलं की त्याला वाटते कोणी घुसलं. दिव्याला एक अँपिअरही लागत नाही, तेवढंही ते पकडते. आता तुझा रेडिएटरचा फॅन पाहा, तो दिव्याच्या कितीतरी पट करंट ओढते. पारा 45 ला, एसी लावून सिग्नल-सिग्नल करत आला, इंजिन बंद केलं. पाणी फिरणं थांबलं, इंजिनची गरमी तिथंच साचली, म्हणून काही गाड्यांत चावी काढल्यावर दोनचार मिनिटांनी फॅन आपोआप सुरू होते. व्होल्टेज खाली, सायरन चालू. गाडीजवळ थांबून ऐक: फॅनची घरघर आणि सायरन सोबतच येतात का?

चोरीचं म्हणशील तर सायरन फक्त ओरडते. गाडी अडवते ते इमोबिलायझर. कंपनीच्या चावीत बिनबॅटरीची चिप असते, इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज भेटते. कोड जुळला नाही तर इंजिन चालत नाही. बाहेरच्या अलार्मवाले त्याऐवजी रिले टाकतात, म्हणजे वायर तोडणारा विजेचा स्विच. तो स्टार्टरच्या वायरवर असू दे, पेट्रोल पंपाच्या नको. वर्धा रोडवर ट्रकच्या पुढं रिले दगावला अन् पंप बंद पडला तर काय करशील?

धरमपेठकर:
बोनेटच्या स्विचची वायरही पाहून घ्या. आमच्याकडे उंदरानं कुरतडली होती.

मिहानवाला:
भाऊ, पाहिलं! आधी फॅन, लगेच सायरन. मग दाराची वायर कुठून घेऊ?

वायरिंगवाला_सदर:
दाराच्या खांबावर रबरी टोपीचं बटण आहे ना, त्याच्या मागची. मीटर लाव: दार बंद असताना 12 व्होल्टच्या आसपास, उघडल्यावर शून्य. ती युनिटच्या निगेटिव्ह ट्रिगरला जोड, म्हणजे वायर शून्यावर आली की अलार्म वाजवते त्या वायरला. चारही दारं उघडून पाहा, ड्रायव्हरची वायर कधीकधी वेगळी असते. मग व्होल्टेज सेन्सिंग बंद कर, बहुतेक युनिटवर त्याचा जंपर, म्हणजे काढता-घालता येणारी छोटी पिन, असते. जोडताना बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेव. आणि सकाळीच कर हे काम, दुपारी बोनेटला हात लावशील तर भाजशील.