एडक्कलच्या कोरीव आकृतींचे वय कशावरून सांगतात?

सडावाट (प्रश्न):
केरळच्या वायनाड जिल्ह्यातील अंबुकुत्ती डोंगरावरच्या एडक्कल गुहेत भिंतींवर मानवाकृती, प्राणी आणि चाकासारखी चिन्हे दाटीने कोरलेली आहेत. त्यांचे वय कोणी आठ हजार वर्षे सांगतात, तर कोणी त्यांचे नाते थेट सिंधू संस्कृतीशी जोडतात. खडकात कोरलेल्या रेषेचे वय नेमके कोणत्या आधारावर ठरते?

शैलवेध:
खडकाचे वय आणि रेषेचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंगवलेल्या चित्रात कोळशासारखा सेंद्रिय पदार्थ असेल तर कार्बन पद्धत (त्यातील किरणोत्सारी कार्बन किती उरला यावरून वय काढणे) वापरता येते. कोरीव रेषेत मात्र काढून टाकलेल्या दगडाची पोकळीच उरते. मलबारमधील ब्रिटिश पोलीस अधिकारी फ्रेड फॉसेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आकृतींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परिसरात नवाश्मयुगीन (अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातील) दगडी हत्यारेही मिळाली आहेत, आणि आकृतींच्या शैलीबरोबर हाच आधार बहुतेक जण देतात. मला तो उपयुक्त वाटतो, पण पुरेसा वाटत नाही, कारण डोंगराच्या परिसरात हत्यार मिळाले म्हणजे ते वापरणाऱ्यांनीच भिंत कोरली असे सिद्ध होत नाही.

लिपीवाचक:
त्याच भिंतींवर तमिळ-ब्राह्मी या प्राचीन लिपीतील लेखही आहेत, म्हणजे वेगवेगळ्या काळातील माणसे येथे येऊन कोरत राहिली. त्यामुळे संपूर्ण भिंतीला एकच वय देणे मला चुकीचे वाटते. कोणती रेषा कोणत्या रेषेला छेदून गेली आहे, हे आधी पाहावे लागते. सिंधू संस्कृतीचा दावा इतिहासकार एम. आर. राघव वारियर यांनी 2009 मध्ये, कुंभासारख्या चिन्हासोबतच्या मानवाकृतीवरून केला होता. चिन्हाचे साम्य विचार करायला लावणारे आहे. तरीही एवढ्या अंतरावरचा संबंध मान्य करायचा तर हडप्पा परंपरेची भांडी किंवा मुद्रा यांसारखा स्वतंत्र पुरावा हवा.

शैलवेध:
खात्रीचा एक मार्ग उत्खननाचा आहे. मध्य प्रदेशातील दरकी-चट्टान गुहेत भिंतीवर कोरलेले वाटीसारखे शेकडो खळगे आहेत, आणि तेथे खळगे असलेले शिलाखंड जमिनीखालच्या थरांत हत्यारांसह सापडले. असा तुकडा ज्या थरात पुरला गेला, त्या थराहून त्यावरील खळगा जुनाच असणार. कोकणातील कातळशिल्पे उघड्या जांभ्याच्या सड्यावर असल्याने तेथे माती क्वचितच साचते आणि हा मार्ग बहुतेक ठिकाणी बंद होतो.

सडावाट:
आभारी आहे. एडक्कलबद्दल लिहिताना आता वर्षांचा आकडा न देता ‘नवाश्मयुगीन मानली जाणारी’ असे लिहीन आणि ब्राह्मी लेखांचा उल्लेख स्वतंत्रपणे करीन.