‘द इनर लाइट’ बघितल्यावर एक प्रश्न: पिकार्डला आधी विचारायला नको होतं का?

उद्यमबाग_पॅटर्नवाला

नमस्कार मंडळी. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळप्रवासाच्या इंग्रजी मालिकेतला ‘द इनर लाइट’ हा भाग कुणी कुणी बघितलाय? पाचव्या सीझनचा २५ वा, जून १९९२ चा. मी आधी दोनदा एकट्यानं बघितलेला. गेल्या रविवारी आईला घेऊन बघितला आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेवटही सांगणार आहे, नको असेल त्यांनी खालचा परिच्छेद सोडून द्या.

एंटरप्राइज या अंतराळ जहाजाला वाटेत एक अनोळखी शोधयान भेटतं. त्यातून किरण येतो आणि कॅप्टन पिकार्ड जागच्या जागी कोसळतो. डोळे उघडतो ते कटान नावाच्या ग्रहावर, रेसिक गावात. तिथं सगळे त्याला कामिन म्हणतात. कामिन म्हणजे लोखंडाचं विणकाम करणारा कारागीर. एलीन नावाची बाई सांगते, मी तुझी बायको, तू तापानं आजारी होतास. पाच वर्षं तो आपलं जहाज शोधत राहतो, मग संसाराला लागतो. मुलगी मेरिबोर, मुलगा बटाई, पुढं नातूही होतो. दुष्काळ वर्षागणिक वाढत जातो. अगदी म्हातारपणी त्याला कळतं, की या लोकांचा सूर्य फुटणार होता, ग्रह हजार वर्षांपूर्वीच संपलाय, आणि संपण्याआधी त्यांनी हे यान सोडलं होतं. पिकार्ड जागा होतो तेव्हा जहाजावर २५ मिनिटं झालेली असतात.

आईला इंग्रजी येत नाही. मी थांबवत थांबवत मराठीत सांगत होतो. तिचं माहेर घटप्रभेच्या काठचं. हिडकलच्या धरणात गाव गेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माहेरचं बोलणं सगळं कानडी, मराठी ती आमच्या घरात येऊन शिकली. एलीन अंथरुणाला खिळलेली असते आणि जाता जाता नवऱ्याला सांगते, जोडे जागेवर ठेवत जा. हे मी सांगितलं आणि आई एकदम कानडीत म्हणाली, ‘चप्पल वळग इडु.’ चप्पल आत ठेव. तिची अव्वा, म्हणजे आई, रोज दिवेलागणीला हेच ओरडायची, कारण नदीकडची कुत्री चपला पळवायची. माझ्या अडतीस वर्षांत हे वाक्य मी आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

गाव उठलं तेव्हा मामांच्या घरच्यांनी दाराची चौकट उपसून नव्या वसाहतीत आणली. ती अजून आहे. माझं काम फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरनं काढतात तो नमुना, करायचं, त्यामुळं जुनं लाकूड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. सागवानी आहे. उंबरा मधोमध झिजलेला नाही, डाव्या अंगाला झिजलाय, पेराएवढा खोल. आत उजवीकडं जातं होतं म्हणे, म्हणून सगळे डावीकडून पाय टाकायचे. नव्या घरात जातं नाही, खरं ते कुठं होतं हे उंबऱ्यावरनं अजून सांगता येतं.

आता प्रश्न. आमच्या धंद्यात पॅटर्न हा ओतीव वस्तूपेक्षा थोडा मोठाच करावा लागतो. करडं बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर जादा धरतो. आठवणसुद्धा एकाकडून दुसऱ्याकडं जाताना आकसते. म्हणून कटानच्या लोकांनी आपले राजे, लढाया, ग्रंथ न पाठवता एका कारागिराचा आख्खा जन्मच पाठवला असेल, हे मला पूर्ण पटतं. खरं ज्याच्यात ओतलं तो जिवंत माणूस होता. पिकार्डला ना बायको, ना मुलं. त्याला चाळीस वर्षांचा संसार दिला आणि एका झटक्यात काढून घेतला. मध्येच जहाजावरचे लोक तो किरण अडवतात तेव्हा तर त्याच्या जिवावर बेततं. त्याला विचारलं कुणी?

आई म्हणते, त्यांनी केलं ते बरोबर. मला ठरवता येईना. तुम्हाला काय वाटतं?

खानापूरच्या_विज्ञानबाई

उंबऱ्याचं वाचून मी चहा खाली ठेवला.

आधी माझ्या विषयाचं बोलते, नाहीतर चैन पडणार नाही. कथेत त्यांचा सूर्य नोव्हा होतो, म्हणजे एकदम भडकतो. सूर्यासारखा एकटा तारा नोव्हा होत नाही. त्याला जोडी लागते. श्वेत बटू तारा, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान घट्ट गाभा, शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो, त्याचा थर पृष्ठभागावर साचत जातो आणि एका क्षणी तो थर पेट घेतो. शिवाय एकटे तारे प्रखर होतात ते फार सावकाश. आपला सूर्य एक अब्ज वर्षांत साधारण १० टक्क्यांनी तेजस्वी होतो. तेव्हा एका माणसाच्या आयुष्यात विहिरी आटाव्यात हे गणित बसत नाही. हे मी नववीच्या मुलांना आधीच सांगून टाकलं आणि मग हा भाग दाखवला.

आमच्या मुलांना दुष्काळच उमगेना. कणकुंबीकडची मुलं ती, मलप्रभा जिथं उगवते तिथली. जूनमध्ये चार-चार दिवस दप्तर वाळत नाही त्यांचं. चौकातल्या एका रोपाला सगळा गाव आपल्या वाट्याचं पाणी घालतो, या प्रसंगाला एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तेवढं पाणी माणसांनी प्यायला नको का?’ मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच सांगत आली की तिच्या आजीनं सुगीला बियाणाचं भात वेगळं बांधून ठेवलेलं असतं, घरातले तांदूळ संपले तरी ते कुणी सोडत नाही.

दादा, तुमच्या प्रश्नाबद्दल मी तुमच्या आईच्या बाजूची आहे. ज्यांच्याजवळ जेमतेम एक छोटं यान सोडण्याएवढीच विद्या होती त्यांनी कुणाला विचारावं, आणि कसं? यान ज्याला भेटेल तो त्यांचा.

कृष्णाकाठ_रायबाग

मला या भागात सगळ्यात जास्त भिडली ती मेरिबोर. पोरगी मातीचे नमुने तपासते आणि बापाला सांगते, यातले जिवाणू मेलेत, ही माती मेलीय, हा नुसता लांबलेला दुष्काळ नाही. मी ते तिथंच थांबवलं आणि बाहेर जाऊन बसलो.

आमचं साडेतीन एकर रान क्षारपड आहे. वडिलांनी ऊस लावला, पाट वाहता ठेवला, वीस वर्षांत खालचं पाणी वर आलं आणि मीठ घेऊन आलं. उन्हाळ्यात रान लांबून बघितलं तर चुना सांडल्यागत दिसतं. माती परीक्षणाचा कागद मीच आणलेला. वडिलांना वाचून दाखवला, तर त्यांनी तो घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला आणि दोन दिवस बोलले नाहीत. कामिन पोरीचं ऐकून घेतो, तिच्यापासून काही लपवत नाही. तो प्रसंग लिहिणाऱ्याला शेती ठाऊक असणार असं वाटतं.

कामिन वर्षानुवर्षं नोंदी ठेवतो हेही बघा. मी २०१९ पासून वही ठेवतोय. त्या वर्षी मे महिन्यात कृष्णेच्या पात्रातनं आम्ही चालत पलीकडं गेलो, नदीत खड्डे काढून पाणी भरलं. ऑगस्टमध्ये त्याच नदीचा महापूर आला. लिहून ठेवलं नसतं तर एकाच वर्षात दोन्ही झालं यावर नातवंडांनी विश्वास ठेवला नसता.

विचारायचं म्हणाल तर मी पिकार्डच्या जागी असतो तरी तक्रार केली नसती.

चिंचली_अलगूज

एक दुरुस्ती. कामिन झालेला पिकार्ड रेसिक गावात एक वाद्य वाजवायला शिकतो. सगळे त्याला बासरी म्हणतात, खरं ते आडवं धरत नाहीत. टोकाला ओठ लावून सरळ खाली धरतात, म्हणजे आपलं अलगूज. मायाक्काच्या जत्रेत मेंढक्यांच्या हातात असतं तसं. त्याची धून जे चॅटवे यांनी केली. आधी कामिनला वाजवणं नीट जमत नाही, सूर फुटतो. पुढं पोराच्या बारशाला तो गावासमोर वाजवतो तेव्हा हात बसलेला असतो. शेवटी खोलीत एकटा वाजवतो ती ही धून. मी ती अलगुजावर बसवली आहे, आमच्या घरच्या पोराच्या बारशाला वाजवली.

निपाणीकर_सिस्टर

मी मात्र दादांच्या शंकेच्या बाजूनं आहे. वरचं सगळं वाचूनही.

मी रुग्णालयात रात्रपाळी करते. भूल उतरताना माणसं कुठल्या तरी दुसऱ्याच जागेवरून परत येतात. एका आजोबांनी शुद्धीवर येताना माझा हात धरला आणि बायकोचं नाव घेऊन विचारलं, जेवलीस का? बाई जाऊन अकरा वर्षं झालेली. मुलानं हळूच सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ती त्या क्षणाला पुन्हा गेली. पिकार्डचं तसंच आहे. फक्त त्याच्याजवळ सांगायला मुलगाही नाही.

एलीन गेली, जिवलग मित्र गेला, आणि जागा झाल्यावर तर पोरं, नातू, गाव, सगळंच हजार वर्षांपूर्वीचं निघालं. त्यांचं सुतक कोण धरणार? आपल्याकडं माणूस गेलं की दहा दिवस घरात माणसं येतात, पिठलं-भाकरी घेऊन शेजारी येतात, गेलेल्याचं कुणी ना कुणी काही ना काही सांगत बसतं. त्या जहाजावर एलीनला ओळखणारा एकही माणूस नव्हता. जहाजावरचा अधिकारी रायकर शोधयानात सापडलेली पेटी आणून देतो आणि निघून जातो. पिकार्ड अलगूज छातीशी धरतो. त्याचं दुःख वाटून घ्यायला कुणीच नाही, हे मला सोसवत नाही. त्यांनी आठवण दिली, खरं रडायला माणूस दिलं नाही.

भाग अप्रतिमच आहे. १९९३ चा ह्युगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. पण बरोबर झालं असं मी म्हणणार नाही.

उद्यमबाग_पॅटर्नवाला

सिस्टर, तुमचं लिहिणं मी काल रात्री आईला वाचून दाखवलं. पिठलं-भाकरीपाशी तिनं मला थांबवलं.

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. हिडकलचं पाणी फार उतरतं त्या उन्हाळ्यात हुन्नूरचं दगडी विठ्ठल मंदिर वर येतं, लोक बघायला जातात, फोटो काढतात. आपल्यापैकी काही जण गेलाही असाल. अशाच एका उन्हाळ्यात ती मामांबरोबर गेली होती, मी तेव्हा शाळेत होतो. मला वाटायचं देवदर्शनाला गेली. दर्शन झालं, आणि तिथून ती आणि मामा गाळातनं चालत पुढं गेले, जिथं आपलं गाव असेल असा अंदाज होता तिकडं. घरं नव्हतीच. गाळाला भेगा पडलेल्या, त्यात दगडी जोत्यांच्या ओळी दिसत होत्या. मामांनी पावलं मोजून घराची जागा काढली. जात्याची जागाही काढली. तिथं आणखी तीन-चार घरची माणसं आलेली होती. आई म्हणाली, कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सगळे आपापल्या जोत्यावर बसले, सोबत आणलेल्या भाकरी सोडल्या आणि एकमेकांना दिल्या. एक म्हातारी बाई नावं घेत होती, या घरात कोण, त्या घरात कोण. आईच्या अव्वाचं नावही तिनं घेतलं. ‘तिथं रडले मी,’ आई म्हणाली. ‘गाव उठलं तेव्हा रडले नव्हते, लहान होते.’

मी विचारलं, मग पिकार्डला तशी माणसं मिळाली नाहीत, तरी तू बरोबर म्हणतेस? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘सिस्टरचं खरं आहे. त्याला कुणीतरी बसून ऐकायला पाहिजे होतं.’ आणि विचारलं, पुढं कुठल्या भागात तो कुणाला सांगतो का?

सांगतो. सहाव्या सीझनमध्ये ‘लेसन्स’ नावाचा भाग आहे, १९९३ चा. त्यात जहाजावर नेला डॅरेन नावाची शास्त्रज्ञ येते, ती पियानो वाजवते. तिला तो हे वाद्य कुठून आलं ते सांगतो आणि दोघं मिळून ती धून वाजवतात. येत्या रविवारी आईबरोबर तो बघणार आहे. मामांनाही बोलावलंय, ते वसाहतीतनं सकाळच्या गाडीनं येतायत.

चिंचलीकर, तुम्ही बसवलेली धून फोनवर पाठवाल का? आईला आधी ऐकवतो, म्हणजे भागात लागली की तिला ओळखू येईल.