मदत हवी आहे: दगडांवर प्राण्यांचे चेहरे रंगवण्यासाठी

नमस्कार मंडळी. सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या (ठाणे, घोडबंदर रोड) मुलांकडून दगडांवर प्राण्यांचे चेहरे रंगवून घ्यायचेत. येऊरचं जंगल जवळ असल्याने बिबट्याला भलतीच मागणी आहे! मांजर, घुबड, ससा सोपे.

पहिली अडचण दगडांचीच. आपल्याकडचा काळा बेसाल्ट खडबडीत, त्यात बारीक भोकं, त्यामुळे डोळ्यांची कड नीट येत नाही. नर्सरीतले पांढरे गोटे गुळगुळीत असतात, पण फार चकचकीत. त्यांना पॉलिशपेपर मारून अ‍ॅक्रिलिक रंग धरेल का, की आधी जेसो (रंग धरावा म्हणून खाली लावायचं अस्तर) लावावाच लागेल? नुसता पांढरा रंग अस्तर म्हणून चालला तर बरं, जेसो महाग पडतो. ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे असे अंडाकृती, पॉलिश न केलेले गोटे किलोवर कुठे मिळतील?

मिशांसाठी शून्य नंबरचा ब्रश सुचवू नका, सहा-सात वर्षांच्या हातांना तो झेपत नाही. अ‍ॅक्रिलिक मार्कर देणार आहे. पण वरून ब्रशने वॉर्निश लावलं की शाई पसरते म्हणतात, मग स्प्रे वापरावा का? तो अर्थात मोठ्यांनीच, गच्चीवर मारायचा.

दगड नंतर बागेत ठेवायचेत. पावसाळ्यात तग धरलेलं वॉर्निश कुणी वापरलं असेल तर नाव सांगा, प्लीज.